कुंपणाची पलीकडची बाजू

जून जवळ आला की रोपवाटिकांमध्ये कुंपणासाठी झाडं मागणाऱ्यांची वर्दळ वाढते. कोणी नवा प्लॉट घेतलेला असतो, कोणाचं गावाकडचं घर नुकतंच बांधून झालेलं असतं, कोणाच्या बंगल्याची जुनी भिंत खचलेली असते. मागणं मात्र बहुतेकांचं एकच. झाड लवकर वाढायला हवं. पाणी फारसं लागू नये. गुरांनी, शेळ्यांनी तोंड लावता कामा नये. कीड पडू नये. छाटलं की दुप्पट जोमाने फुटावं, नुसती फांदी खोचली तरी जगावी आणि जमलंच तर बारा महिने फुलावं. मागणी रास्त आहे, कुंपण म्हटलं की माणूस हेच मागणार. पण ही यादी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एकच झुडूप उभं राहतं, घाणेरी. यादीतला प्रत्येक गुण तिच्यात आहे, आणि सातासमुद्रापलीकडून आलेल्या घाणेरीला याच गुणांसाठी इथे कुंपणाला लावलं गेलं.

कुंपणासाठी आपण जे गुण शोधतो तेच तणाचेही गुण असतात. जे कोणी खात नाही, जे कशानेही मरत नाही, जे तोडलं की वाढतं, ते झाड आपण आखून दिलेल्या रेषेवर मुकाट उभं राहील असं मानायला काहीच आधार नाही. त्यात कुंपणाची जागाच अशी की त्याची निम्मी बाजू आपली नसतेच. बागेच्या मधोमध लावलेलं झाड चुकलं तर आपली बाग बिघडते. बांधावरचं झाड चुकलं तर त्याचं बी शेजाऱ्याच्या वावरात, गावाच्या गायरानात, पलीकडच्या डोंगरात पडतं. म्हणून कुंपणाला कोणतं झाड लावायचं हा प्रश्न घरमालकाने एकट्याने सोडवण्याचा नाही, असं मला मनापासून वाटतं.

घाणेरीचंच बघा. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, 1809 च्या आसपास, ती कोलकत्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली गेली. फुलांचा गुच्छ जवळून पाहिला की तिची भूल का पडली असेल ते कळतं. एकाच झुबक्यात मधली फुलं पिवळी, कडेची नारिंगी किंवा गुलाबी. उमललेलं फूल आधी पिवळं असतं आणि जुनं होता होता रंग बदलतं. बंगल्यांच्या आवारांना तिचं कुंपण होऊ लागलं. मग हिरवी फळं पिकून निळी-काळी झाली, बुलबुलांनी ती खाल्ली आणि बी डोंगरात नेऊन टाकलं. आज सह्याद्रीत कुठल्याही वाटेने चढा, उघड्या उतारावर घाणेरीची रानं लागतात. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही. चाऱ्याच्या टंचाईत गुरांनी तिचा पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, कावीळ होते आणि नंतर उन्हात उभं राहिलं तरी कातडी भाजल्यासारखी सोलवटते. पांढऱ्या जनावरांना हा त्रास अधिक. गुरांपासून बाग राखायला लावलेल्या झुडपाने गुरांचं कुरणच गिळलं.

फड्या निवडुंगाची कथा याहून लांबलचक आहे. निवडुंगही अमेरिकेचाच. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता, आणि तो रंग देणारा कोचिनीलचा किडा निवडुंगावर जगतो. 1795 साली ब्राझीलहून किडे आणले गेले, पण ते निघाले दुसऱ्याच जातीचे. रंग अगदी हलक्या प्रतीचा निघाला. मात्र तेव्हा इथे रुजलेली निवडुंगाची एक जात त्या किड्याने फस्त केली. दुसऱ्या एका जातीला त्याने हातही लावला नाही, आणि ती जात दख्खनभर, दक्षिणभर पसरत गेली. गावकुसाबाहेर, परड्याभोवती, मळ्याच्या कडेने सगळीकडे फड्या. एक फडी मोडून पडली की तिथेच मुळं धरते, त्यामुळे लावायला कष्ट नाहीत, आणि काढायला गेलं तर प्रत्येक तुकड्याचं नवं झाड. पुण्याच्या नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या नावात तो निवडुंग अजून आहे. दुष्काळात लोक फड्यांचे काटे जाळून त्या गुरांना घालत, तेवढाच त्याचा उपयोग. शेवटी 1926 मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची आणखी एक जात दक्षिण भारतात आणून सोडली, आणि थोड्याच वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या हटवता न आलेला निवडुंग ओसरला. किडींचा वापर करून तण आटोक्यात आणण्याच्या शास्त्रात हे उदाहरण आजही आदराने शिकवलं जातं. मला त्यात दुसरी गोष्ट मोठी वाटते. लावणारे हात हजारो होते आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं, चार हात लांबीचंच कुंपण लावलं होतं.

पसरणं हा एकच धोका आहे असंही नाही. काही झाडं जागची हलत नाहीत, पण रोगाला घर देतात. युरोपात बार्बेरी नावाचं काटेरी झुडूप कुंपणाला लावत. आपल्या दारुहळदीचीच ही सख्खी बहीण. तिच्याजवळच्या शेतातला गहू तांबेऱ्याने जातो हे शेतकऱ्यांना फार आधीपासून दिसत होतं. तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्याचा एक टप्पा बार्बेरीवर काढते हे 1865 साली जर्मनीच्या आंतोन द बारी यांनी दाखवून दिलं, आणि 1918 पासून अमेरिकेत बार्बेरी उपटून काढण्याची मोठी मोहीमच निघाली.

हे झालं दूरदेशीचं. आपल्याकडे विदर्भात, काटोल, वरुड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात बंगल्याभोवती हौसेने कामिनीचं कुंपण लावलं जातं. कामिनी फार देखणी, तिच्या वासाने संध्याकाळ भरून जाते. पण ती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली, आणि संत्र्याच्या झाडाला खंगवून मारणारा ग्रीनिंगचा रोग ज्या सिट्रस सायलाच्या किडीमार्फत पसरतो त्या किडीचं हे आवडतं झाड. छाटलेल्या कुंपणाला सतत कोवळी पालवी फुटते आणि ती कीड कोवळ्या पालवीवरच अंडी घालते. म्हणजे छाटून छाटून राखलेलं कामिनीचं कुंपण हे त्या किडीला बारमाही अन्नछत्र. पुण्यात-मुंबईत कामिनी खुशाल लावावी. संत्र्याच्या बागेशेजारी लावू नये, आणि शेजाऱ्याने लावलेली असेल तर त्याच्याशी एकदा बसून बोलावं.

एवढं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग भिंतच बरी. विटा, सिमेंट, वर काचांचे तुकडे किंवा तारेची भेंडोळी. पुण्याच्या जुन्या वसाहतींमधली मेंदीची कुंपणं याच विचाराने गेली. पण भिंतीला वारा कळत नाही. भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो आणि पलीकडे कोसळतो, त्यामुळे भिंतीला लागून थोडा आडोसा मिळाला तरी चार पावलांवरच्या केळीची पानं फाटून निघतात. झाडांच्या दाट कुंपणातून निम्मा-अर्धा वारा गाळून आत येतो, त्याचा जोर मोडतो, आणि कुंपणाच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत रोपं शांत राहतात. कोकणात समुद्राकडून येणारा खारा वारा ज्यांनी सोसला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाचं पाणीही भिंतीला अडतं, तुंबतं, एखाद्या आषाढात पायाच खचवतं. कुंपणाच्या मुळांतून तेच पाणी माती मागे ठेवून निघून जातं. मुंगूस, बेडूक यांना भिंत ओलांडता येत नाही, आणि बागेतले उंदीर, गोगलगाई, किडे खायला तर हीच मंडळी हवी असतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. पण त्याला पुढे जायची गरजच काय? ऊन, सावली, खाणं आणि लपायला काटे, सगळं त्याला त्याच ओळीत मिळतं.

तेव्हा कुंपण हवंच, आणि ते झाडांचंच हवं. मग कोणत्या झाडांचं?

याचं एक उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि ते शोधायला फार वाईट ठिकाणी जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी देशभर आडवी जकातीची रेषा आखली होती. वायव्येला सिंधूपासून निघून खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून पुढे महानदीकडे, सुमारे 2300 मैल. पहाऱ्याला 12000 च्या आसपास माणसं. या रेषेवर आधी तोडलेल्या काटेरी फांद्यांचं सुकं कुंपण घालत. ते वाळवी खाई, वणव्यात जळे, वादळात उडे, आणि दरवर्षी नव्याने फांद्या वाहून आणाव्या लागत. 1867 ते 1870 या काळात जकात खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तेच पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले आणि पक्ष्यांचा मोठा अभ्यास केलेले ह्यूम. सुक्या कुंपणाच्या जागी त्यांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर अशी झाडं लावली, चर खणले, नापीक जमिनीत माती आणून घातली आणि कुठे काय जगतं ते बघत गेले. जिथे जी माती आणि जेवढा पाऊस, तिथे त्याला सोसणारं झाड. पुढच्या काळात शेकडो मैलांचं, पुरुषभर आणि त्याहून उंच कुंपण उभं राहिलं, माणसाला पलीकडे जाता येणार नाही इतकं दाट. 1879 मध्ये ही रेषा मोडीत निघाली. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाने तिचा माग काढत इथे येऊन शोध घेतला, चंबळेच्या परिसरात तिचा उरलेला तुकडा पाहिला आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 2001 मध्ये आलं.

गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी एवढं मोठं कुंपण घालणं हा अन्याय होता आणि तो विसरता कामा नये. पण त्या यादीतल्या झाडांकडे बागेतल्या माणसाने बघावं. निवडुंग सोडला तर बोर, बाभूळ, करवंद ही सगळी इथल्या मातीतली झाडं. सत्तेच्या सगळ्या बळानिशी, पैसा ओतून कुंपण करायचं ठरल्यावरही शेवटी उपयोगी पडली ती डोंगरातली, माळावरची झाडंच.

त्यांतलं करवंद हे माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत चांगलं कुंपण. गुहागरकडे माझ्या मामाच्या वाडीला पूर्वी वई असायची. भातकापणी आटोपली की गडीमाणसं कोयते घेऊन डोंगरात जायची, करवंदीच्या, चिल्हारीच्या जाळ्या तोडून आणायची, खुंट रोवून, आडव्या कांबी बांधून त्यात काटेरी फांद्या खोचायची. पावसाळ्यापर्यंत वाळवीने निम्मी वई मातीला मिळवलेली असे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खटाटोप. ‘दरवर्षी डोंगर बोडका करायचा आणि वाळवीला घालायचा, हे किती दिवस चालायचं?’ असं म्हणत मामाने एका मृगात वईच्या आतल्या बाजूने करवंदाची रोपं लावली. सुकी वई मोडून पडेपर्यंत तिने आतल्या ओल्या कुंपणाला गुरांपासून सांभाळलं. जिवंत कुंपण उभं करायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. नुसती रोपं उघड्यावर लावली तर पहिल्या दोन वर्षांत कोवळे शेंडे शेळ्या खातातच, कारण कोवळ्या करवंदाचा काटा मऊ असतो. काटा मुरला की मग त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

करवंदाची एखादी जुनी फांदी जपून हातात घेऊन पाहावी. पानं समोरासमोर, जाडसर, वरून चकचकीत. पेरापाशी काट्यांची जोडी, आणि त्यांतले कित्येक काटे पुढे जाऊन पुन्हा दुभंगलेले, म्हणजे कुठूनही हात घातला तरी एक टोक आपल्याकडे असतंच. पान तोडलं की पांढरा चीक येतो. फांद्या एकमेकींत अशा शिरतात की कोणती कुठून आली ते सुटत नाही. माळ्यांना याच कारणासाठी करवंद नकोसं वाटतं, पण कुंपणाला हीच गुंतागुंत हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांना पांढरी फुलं येतात, त्यांचा वास जाईच्या जवळ जाणारा. एप्रिल-मे मध्ये करवंदं. डोंगरची काळी मैना म्हणून ती पानांच्या द्रोणात घालून विकणाऱ्या बाया अजून घाटाच्या रस्त्यांवर दिसतात. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी, हा खेळ ज्यांनी खेळला त्यांना करवंद पुन्हा वेगळं दाखवायला नको. कच्च्या करवंदांचं लोणचं होतं, पिकल्याचा मुरंबा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची जातही काढली आहे. फळांसाठी ती जरूर लावावी, पण कुंपणाला रानातल्या बियांची रोपंच बरी. ती एकसारखी येत नाहीत, कुठलं उंच तर कुठलं पसरट, आणि या सरमिसळीतूनच कुंपण अधिक दाट होतं.

करवंदावर एकच आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे, ते सावकाश वाढतं. रोपवाटिकेतला पिवळसर ड्युरांटा वर्षभरात कमरेला येतो, करवंदाला तेवढं व्हायला तीनेक पावसाळे लागतात. पण ड्युरांटाला पुढे आयुष्यभर पाणी घालायचं आणि महिन्या-महिन्याला छाटायचं. त्याची पिवळी, गोजिरवाणी फळं विषारी, तेव्हा लहान मुलांवर लक्ष ठेवायचं ते वेगळंच. करवंद एकदा मुळावलं की जांभ्या कातळावरच्या वीतभर मातीत आणि देशावरच्या मुरमाडातही पाण्यावाचून निभावतं. जे सावकाश वाढतं त्याला छाटायलाही सावकाश लागतं, हा हिशेब घाईत कोणी करत नाही.

लावायची पद्धत सांगते. उन्हाळ्यातच दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून ठेवावा आणि तो उन्हात तापू द्यावा. पहिला पाऊस पडून वाफसा आला की माती, शेणखत आणि पालापाचोळा यांनी चर भरावा. रोपं दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, पण एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी लावावीत. मग सगळ्यात जड जाणारं काम. रोपं गुडघ्याएवढी झाली, छान तजेलदार दिसू लागली की त्यांचे शेंडे वीतभर कापून टाकायचे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की डोळे जागे होतात आणि जमिनीपासूनच फुटवे निघतात. ही पहिली कापणी टाळली तर झाड उंच होतं, पण पायाशी मोकळंच राहतं, आणि ते भोक नंतर कधीच बुजत नाही. कुत्रं, डुक्कर तिथूनच आत येतं. पुढची छाटणीही अशी करायची की पायथा रुंद आणि माथा अरुंद राहील, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळेल. शहरातल्या बहुतेक कुंपणांचा माथा रुंद आणि पाय उघडे दिसतात, ते वरूनच कात्री चालवल्यामुळे.

छाटणीचा काळही झाडाला विचारूनच ठरवावा. करवंदाची फुलं फांदीच्या टोकाला येतात, म्हणून हिवाळ्यात कात्री चालवली की फुलंही गेली आणि फळंही. फळं संपल्यावर, मेअखेर किंवा पाऊस सुरू होता होता, वर्षातून एकदाच मोठी छाटणी पुरे. त्यानंतर वटवट्या, शिंपी यांच्या विणीचा काळ येतो, तेव्हा कुंपणाला हात लावू नये. बुलबुल त्याआधीच बसलेला असू शकतो. छाटण्यापूर्वी फांद्या हलक्या बाजूला करून आत पाहावं. काट्यांच्या बेचक्यात काड्यांची, मुळांची, कोळ्याच्या जाळ्याने जोडलेली छोटी वाटी आणि तिच्यात गुलाबीसर, लालसर ठिपक्यांची दोन-तीन अंडी दिसली, तर तेवढा हातभर भाग तसाच सोडावा. बुलबुल घाणेरीचं बी पसरवतो तसं करवंदाचंही पसरवतो. फरक इतकाच की करवंद डोंगरात गेलं तर डोंगराचंच काहीतरी डोंगराला परत मिळतं.

अर्थात करवंद सगळीकडे चालणार नाही. दारापाशी, मुलं खेळतात तिथे काटे नकोतच. तिथे अडुळसा लावावा, फांदीने लागतो, शेळी त्याला तोंड लावत नाही, घरात कोणाला खोकला झाला तर पाला हाताशी. देशावरच्या शेतबांधाला निर्गुडी, तीही फांदीनेच येते आणि कोरडवाहूत टिकते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कोयनेलला तोड नाही. ती किनाऱ्यावरचीच, कडू पाल्यामुळे गुरं टाळतात, आणि कात्रीने हवा तो आकार घेते. मेंदी जुन्या लोकांची आवडती, छाटून छाटून तिचा फुलोरा मात्र लोकांनी पाहिलेलाच नसतो. एखादा कोपरा न छाटता ठेवावा, तिच्या वासासाठी तेवढा पसारा सोसण्याजोगा आहे. मोठं रान राखायचं असेल तर सागरगोटा. त्याचे आकडेबाज काटे कपडे धरले की सोडत नाहीत, आणि बी इतकं टणक की कानसीने घासून, रात्रभर भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. गिरीपुष्पाच्या फांद्या खोचून झटपट बांध उभा होतो आणि पाला भाताला उत्तम खत होतो, पण तो शेंगा धरण्याआधी छाटण्याचं काम ज्यांना जमेल त्यांनीच तो लावावा.

दोन झाडांबद्दल मात्र सावध करायला हवं. शेर आणि मोगली एरंड. दोन्ही फांदीने येतात, दोन्हींना गुरं शिवत नाहीत, म्हणून गरिबाच्या परसाला ती वर्षानुवर्षं आहेत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. मोगली एरंडाचं पान खुडलं की देठाच्या तोंडाशी चिकाचा पातळ पडदा धरतो, त्यावर हळूच फुंकर मारली की इंद्रधनुष्याच्या रंगांचे फुगे सुटतात. कोकणातल्या मुलांचा हा आवडता खेळ. खेळता खेळता तीच मुलं त्याच झाडाचं शेंगदाण्याच्या चवीचं बी खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. जिथे शाळेची वाट आहे त्या बाजूला ही झाडं नकोत. वाट चालणारी मुलं आपली नसली तरी बांध आपला आहे.

माझी विनंती एवढीच. या वर्षी कुंपण लावायचं ठरवलं असेल तर रोपवाटिकेत जाण्याआधी बांधाच्या पलीकडे एकदा जाऊन या. शेजाऱ्याचं पीक कोणतं, त्याची गुरं कुठे चरतात, पाणी कुठून वाहतं, वाटेने कोण जातं, ते बघा आणि त्याला विचारा. मग डोंगरात जाऊन तिथे आधीपासून काय वाढतंय ते बघा. करवंद ठरलं तर पुढच्या मे महिन्यात पूर्ण पिकलेली, काळीभोर फळं घ्या, गर खाऊन बी धुवा, सावलीत थोडं कोरडं करा आणि आठवड्याच्या आत पिशव्यांमध्ये पेरा. फार दिवस ठेवलेलं करवंदाचं बी उगवत नाही.